अर्ज कुणी भरला? सोळा आठवड्यांच्या इंटर्नशिपमधलं एक प्रकरण

समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी सोळा आठवडे एका सेवाभावी संस्थेत इंटर्न होते. घरचा आधार तुटलेल्या, किंवा तो कधी नव्हताच अशा १५ ते २१ वर्षांच्या मुलामुलींसोबत ही संस्था काम करते. सुटलेलं शिक्षण पुन्हा सुरू करणं, कागदपत्रं मिळवणं, राहण्याची सोय, पहिली नोकरी, असं सगळं. आठवड्यातले तीन दिवस मी तिथे असायचे. त्या काळात माझ्याकडे सोपवलेल्या एका मुलाचं हे प्रकरण आहे. त्याची ओळख पटेल असे तपशील मी बदलले किंवा गाळले आहेत आणि त्याला इथे नावही दिलेलं नाही. घटनांचा क्रम आणि माझ्या चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत.

आता दुसऱ्या एका संस्थेत मी स्वतः इंटर्नचे रिपोर्ट तपासते. दर तुकडीत कुणी ना कुणी तीच चूक करताना दिसतं, आणि ती करणारे कामचुकार नसतात. उलट जीव ओतून काम करणाऱ्यांकडूनच ती होते. म्हणून हे सविस्तर लिहावंसं वाटलं.

मुलगा आणि त्याचं काम

तो आला तेव्हा त्याला अठरा पूर्ण व्हायला सात महिने बाकी होते. वडील नव्हते. आई दुसऱ्या गावी होती आणि तिच्याशी संपर्क तुटक होता. एका दूरच्या नातेवाइकाकडे तो राहत होता, पण ते राहणं कामाच्या बदल्यातलं होतं: दिवसभर त्यांच्या धंद्यात मदत करायची, रात्री झोपायला जागा मिळायची. शाळा दोन वर्षांपूर्वी सुटली होती. त्याला वायरमनचं प्रशिक्षण घ्यायचं होतं. प्रवेशासाठी जन्मदाखला लागत होता आणि तो त्याच्याकडे नव्हता.

हे सतरावं-अठरावं वर्ष या क्षेत्रात फार अवघड असतं. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारानुसार साधारणपणे अठरा वर्षांखालची व्यक्ती बालक. त्याच संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीत १५ ते २४ वयाची व्यक्ती युवा. म्हणजे सतरा वर्षांचा मुलगा एकाच वेळी दोन्ही असतो. व्यवहारात याचा अर्थ असा की बालक म्हणून मिळणाऱ्या सोयी आणि संरक्षण एका ठरावीक तारखेला आटू लागतात, आणि प्रौढ म्हणून उभं राहायला लागणारे कागद, पैसे, ओळखीपाळखी तोवर जमलेल्या नसतात. ज्याच्या पाठीशी घर आहे त्याला ही तारीख जाणवतही नाही. या मुलाला ती जाणवत होती. महिने तो बोटांवर मोजून सांगायचा.

"तुम्ही इथेच असणार ना?"

पहिल्या भेटीत तो दाराजवळच्या खुर्चीत बसला. पाठीवरची बॅग काढून मांडीवर घेतली आणि पूर्ण वेळ ती तशीच दोन्ही हातांनी धरून ठेवली. कागद काढायला सांगितल्यावर त्याने आतून प्लास्टिकची एक पिशवी काढली. शाळेचा दाखला इतक्या वेळा घडी घातलेला होता की घडीवरची अक्षरं पुसून गेली होती. आपली हकिगत त्याने भराभर सांगितली, पाठ केल्यासारखी. याआधी त्याने ती किमान तीन जणांना सांगितली होती, हे मला नंतर कळलं. एक शिक्षिका, एका दुसऱ्या संस्थेचे कार्यकर्ते आणि आमच्याच संस्थेतली माझ्या आधीची इंटर्न.

निघताना दारात थांबून त्याने विचारलं, "ताई, तुम्ही इथेच असणार ना?"

मी म्हणाले, "हो."

ते खोटं होतं असं तेव्हा मला वाटलंच नाही. माझ्या मनात त्याचा अर्थ होता, "हो, पुढच्या मंगळवारी मी आहे." सोळा आठवड्यांनी मी जाणार, हा विचार मनात आला नाही, कारण त्या दिवशी सोळा आठवडे मला फार मोठे वाटत होते. पुढे जे काही घडलं त्याचं मूळ या एका अक्षरात आहे असं माझं आजचं मत आहे. माझ्या सुपरवायझर ताई एवढ्या कडकपणे बोलत नसत. त्यांचं म्हणणं, पहिल्या भेटीत इंटर्नने काय सांगायचं हे संस्थेने शिकवलेलंच नव्हतं, मग दोष एकटीचा कसा? तेही खरं आहे. मला तीन दिवसांचं प्रशिक्षण मिळालं होतं. संस्थेचा इतिहास, फॉर्म कसे भरायचे, हजेरी कुठे लावायची, गोपनीयता कशी पाळायची, सगळं त्यात होतं. मी कधी जाणार हे मुलाला कसं सांगायचं, एवढं नव्हतं.

पहिले सहा आठवडे

काम झपाट्याने झालं. नोंदणी कार्यालयाची माहिती मी काढली, अर्जाचा नमुना आणला, कोणते पुरावे लागतात ते विचारून घेतलं. चौथ्या आठवड्यात आम्ही दोघं खिडकीवर गेलो. मी पुढे, तो मागे. आतल्या बाईंनी विचारलं, "मुलाचं नाव?" मी सांगितलं. "जन्मतारीख?" तीही मी सांगितली. तो माझ्या खांद्यामागे हातभर अंतरावर उभा होता. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही, मीही वळले नाही. पावती मिळाली ती मी माझ्या फाइलमध्ये ठेवली, त्याच्याकडून हरवू नये म्हणून.

परत येताना तो म्हणाला, "तुम्ही आल्यापासून काम होतंय." त्या दिवशी मी तरंगतच घरी गेले. कॉलेजात दोन वर्षं वाचलेलं कुणाच्या तरी उपयोगी पडतंय, ही भावना फार ताकदीची असते. तिच्यात वाईट काही नाही. पण त्या भावनेची चटक लागली की माणूस स्वतःच जास्त जास्त काम ओढून घेतो. तो प्रशिक्षण केंद्राला फोन करायला कचरायचा, म्हणून फोन मी करायचे. वेळेवर यायला विसरायचा, म्हणून आदल्या रात्री मी त्याला मेसेज करायचे, माझ्या स्वतःच्या नंबरवरून. नंबर देऊ नये हा नियम मला माहीत होता. संस्थेचा फोन माझ्या वाट्याला आठवड्यातून तीनच दिवस यायचा आणि बाकीच्या दिवशी त्याचं अडेल, असं कारण मी स्वतःला दिलं.

सातव्या आठवड्यात अर्ज परत आला. आईचं नाव नोंदीशी जुळत नव्हतं. शाळेच्या दाखल्यावरून मी आईचं लग्नानंतरचं नाव लिहिलं होतं, आणि जन्माच्या नोंदीत तिचं माहेरचं नाव होतं. मी त्याला ते वाचून दाखवलं तेव्हा त्याला जराही आश्चर्य वाटलं नाही.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "आई सांगायची, तिथे तिचं जुनं नाव आहे म्हणून."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही लिहीत होतात."

तक्रारीचा सूर नव्हता त्यात. त्याने फक्त उत्तर दिलं. दुरुस्तीसह नवा अर्ज म्हणजे पुन्हा काही आठवडे, आणि त्याचे महिने तर बोटांवर मोजण्याइतकेच उरले होते. पेन त्याच्या हातात असतं तर हा वेळ गेला नसता.

रात्रीचा फोन

आठव्या आठवड्यात एका रात्री अकरा चाळीसला माझा फोन वाजला. नातेवाइकाशी भांडण झालं होतं, त्यांनी दार आतून लावून घेतलं होतं आणि तो रस्त्यावर होता. आवाज अगदी शांत होता. त्या शांतपणाचीच मला जास्त भीती वाटली. काय करायचं ते मला सुचेना. माझ्या घरी बोलावणं शक्य नव्हतं आणि योग्यही नव्हतं. मी त्याला उजेडात, माणसांची ये-जा असेल अशा ठिकाणी थांबायला सांगितलं आणि सुपरवायझर ताईंना उठवलं. त्यांनी संस्थेच्या रात्रपाळीच्या कार्यकर्त्याला कळवलं. साधारण पाऊण तासाने तो निवाऱ्यात पोचला. तो अठराच्या आतला, त्यामुळे दुसऱ्या दिवशी संस्थेच्या बालसंरक्षण प्रमुखांनी रीतसर नोंद केली आणि नातेवाइकाच्या घरी भेट दिली. त्यानंतर तो संस्थेच्याच निवाऱ्यात राहू लागला. हा भाग इथे थोडक्यात उरकते आहे, कारण तो ज्यांचं काम होतं त्यांनी चोख केला.

मला ओरडा बसेल अशी माझी खात्री होती. सुपरवायझर ताईंनी एकच विचारलं, "त्याच्याकडे आपल्या रात्रीच्या नंबरचं कार्ड होतं का?"

होतं. त्याच प्लास्टिकच्या पिशवीत, पहिल्या दिवशी मीच दिलेलं. पुढच्या भेटीत मी त्याला विचारलं की तिथे का नाही केलास फोन. तो म्हणाला, "तिथे कोण उचलेल काय माहीत. तुम्ही तर उचलता."

हे मी ताईंना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आणि सतराव्या आठवड्यात?"

चोवीस तास कुणीतरी उचलेल असा एक नंबर त्या मुलाकडे होता. माझ्या नंबरने तो बाजूला सारला होता. मी त्याला एक आधार दिला असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात टिकणारा आधार काढून घेऊन मी त्या जागी मुदत संपणारा आधार ठेवला होता.

"कुणी?"

आमची दर आठवड्याला तासभर सुपरवायझरसोबत बैठक असायची. आम्ही तिला आयसी म्हणायचो. त्याआधी फील्डवर्कचा रिपोर्ट द्यावा लागे. त्या आठवड्याच्या आयसीत ताईंनी माझे आतापर्यंतचे सगळे रिपोर्ट टेबलावर पसरले. समासात पेन्सिलीने जागोजागी एकच शब्द लिहिला होता: "कुणी?"

मराठीत रिपोर्ट लिहिताना एक सवय आपोआप लागते. "अर्ज भरला." "केंद्राला फोन केला." "कागदपत्रं तपासली." "पुढील भेट ठरवली." करणारा गाळला तरी वाक्य पूर्ण वाटतं. व्याकरण अडत नाही, वाचणारा अडखळत नाही. माझे आठ आठवड्यांचे रिपोर्ट अशा कर्ता नसलेल्या वाक्यांनी भरले होते. ताईंनी मला दोन पेनं दिली. जे मी केलं त्याखाली लाल रेघ, जे त्याने केलं त्याखाली निळी. मी तिथेच बसून रेघा मारल्या. पानंच्या पानं लाल झाली. निळ्या रेघा मोजायला दोन हातांची बोटंही लागली नाहीत, आणि त्यातल्या बऱ्याचशा "तो वेळेवर आला" अशा होत्या.

कार्यकर्ता आणि मदत घेणारी व्यक्ती यांच्या नात्याबद्दल समाजकार्याचे अमेरिकी अभ्यासक फेलिक्स बिस्टेक यांनी १९५७ मध्ये मांडलेली सात तत्त्वं समाजकार्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तोंडपाठ असतात. परीक्षेत मी ती क्रमाने लिहिली होती. स्वतःचे निर्णय स्वतः घेण्याचा व्यक्तीचा हक्क आणि कार्यकर्त्याची संयमित भावनिक गुंतवणूक ही त्यातली दोन. "संयमित" हा शब्द मला तेव्हा कोरडा वाटायचा, जीव लावू नका असं सांगणारा. त्या लाल पानांकडे बघताना कळलं की त्याचा संबंध जीव किती लावायचा याच्याशी नाहीच. माझ्या भावनेसाठी त्याच्या हातचं काम मी घेते आहे का, एवढंच तो विचारतो.

मग ताईंनी एका अभ्यासाबद्दल सांगितलं. जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेला हा अभ्यास अमेरिकेतल्या १,१३८ शहरी मुलामुलींचा होता. प्रत्येकासोबत एक स्वयंसेवक मार्गदर्शक जोडून द्यायचा, अशा कार्यक्रमातली ही मुलं, वय साधारण १० ते १६. ज्यांचं नातं वर्षभर किंवा जास्त टिकलं त्यांच्यात सर्वांत जास्त बाबतींत सुधारणा दिसल्या. ते जितकं लवकर तुटलं तितका फायदा कमी. आणि जिथे ते अगदी लवकर संपलं तिथे काही बाबतींत मुलं आधीपेक्षा मागे गेली. वयाने मोठ्या आणि आधी अत्याचार सोसलेल्या मुलांची नाती लवकर तुटण्याची शक्यता जास्त होती, म्हणजे आमच्याकडे येतात तशाच मुलांची.

हा अभ्यास जसाच्या तसा इंटर्नशिपला लावता येत नाही. तो मैत्रीवजा मार्गदर्शनाचा होता, कागदपत्रांच्या कामाचा नव्हता. शिवाय ज्यांचं नातं लवकर तुटतं ती मुलं मुळातच जास्त अडचणीत असू शकतात. संशोधकांनी हेही ध्यानात घेऊन हिशेब मांडला होता. पण माझ्यापुरता प्रश्न सरळ होता. सोळा आठवडे म्हणजे चार महिनेही नाहीत. मी जे नातं उभं केलं होतं ते वर्षभर चालण्याच्या बेताने, आणि वेळ होता त्याच्या एक तृतीयांशाहून कमी.

यावरून काही जण म्हणतात की इंटर्नला मुलांच्या जवळ येऊच देऊ नये, त्यांच्याकडून कार्यालयातली कामं करून घ्यावीत. मला हे पटत नाही. माणसांसोबत काम करायला माणसांसोबतच शिकावं लागतं. इंटर्नकडे एक गोष्ट भरपूर असते ती म्हणजे वेळ. चाळीस-चाळीस मुलांची जबाबदारी असलेल्या कायमच्या कार्यकर्त्याकडे तीच नसते. फक्त इंटर्नच्या हातात मुलाचं एखादं काम द्यावं, मूल देऊ नये. मूल पहिल्या दिवसापासून कायमच्या कार्यकर्त्याचं असावं. माझ्या बाबतीत फाइलवर कार्यकर्त्याचं नाव होतं, पण ते दादा आणि तो मुलगा आठ आठवड्यांत एकदाही समोरासमोर बसले नव्हते.

बारा चौकटी

दहाव्या आठवड्यात मी त्याला सांगितलं. एका कागदावर उरलेल्या भेटींच्या बारा चौकटी आखल्या, प्रत्येकीत तारीख लिहिली आणि शेवटच्या चौकटीभोवती जाड रेघ काढली. "मी इथे शिकायला आले आहे, या तारखेला माझा वेळ संपतो. हे मी तुला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, ती माझी चूक झाली."

तो काही बोलला नाही. त्याने कागदाची चार वेळा घडी घातली. प्लास्टिकच्या पिशवीत न ठेवता पँटच्या मागच्या खिशात कोंबली आणि निघून गेला.

पुढच्या तीन भेटींना तो आला नाही. निवाऱ्यात होता, जेवतखात होता, एवढं कळत होतं. शेवट जवळ आला की मुलं आधीच दूर होतात, सोडलं जाण्याआधी स्वतःच सोडून देतात, हे मी वाचलेलं होतं. पण रिकाम्या खुर्चीसमोर बसून राहणं वेगळं असतं. निवाऱ्यात जाऊन त्याला गाठावं असं रोज वाटायचं. ताईंनी जाऊ दिलं नाही. निवारा ही त्याची राहण्याची जागा, तिथे नको असलेल्या माणसापासून त्याला लांब राहता आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. संस्थेच्या फोनवरून एक मेसेज करायची परवानगी मिळाली. मी लिहिलं, "मंगळवारी आणि शुक्रवारी मी असते. आलास तर बरं वाटेल. नाही आलास तरी तुझं दाखल्याचं काम थांबणार नाही."

चौथ्या भेटीला तो आला. बसला नाही.

"तुम्ही शिकायला आला होतात?"

"हो."

"माझ्यावर?"

या प्रश्नाला मी आजवर बरीच चांगली उत्तरं शोधून काढली आहेत. त्या वेळी एकही सुचलं नाही. मी म्हणाले, "हो. तुझ्यासोबत केलेल्या कामावर मला मार्क मिळणार आहेत. आणि तुझा अर्ज परत आला तो माझ्यामुळे."

तो खुर्चीत बसला. बॅग मांडीवर घेतली. मग म्हणाला, "मग आता नवीन फॉर्म कुठाय?"

हातातलं पेन

नवा अर्ज त्याने भरला. त्याला चाळीस मिनिटं लागली, मला दहा लागली असती. एका रकान्यात त्याने चुकीचं लिहिलं, खोडलं, दुसरा कोरा फॉर्म मागितला. मी हात टेबलाखाली ठेवले होते, कारण वर असते तर नक्की पुढे गेले असते.

खिडकीवर या वेळी तो पुढे होता. मी मागच्या बाकावर. "आईचं नाव?" आतून आवाज आला. त्याने नाव सांगितलं, मग थोडं मोठ्याने पुन्हा सांगितलं. एकदा त्याने वळून माझ्याकडे पाहिलं आणि मी फक्त मान हलवली. चार-पाच मिनिटांत पावती घेऊन तो परत आला आणि ती त्याने स्वतःच्या पिशवीत ठेवली. प्रशिक्षण केंद्राला फोन करायच्या आधी काय बोलायचं ते त्याने कागदावर लिहून घेतलं. पलीकडच्या माणसाने दुसराच प्रश्न विचारल्यावर तो गडबडला, "थांबा हं" म्हणाला, आणि तरी फोन त्यानेच पूर्ण केला.

दादांकडे त्याला सोपवणं सर्वांत किचकट होतं. पहिल्या एकत्र भेटीत दादा प्रश्न विचारायचे आणि तो उत्तर माझ्याकडे बघून द्यायचा. दुसऱ्या भेटीत ताईंच्या सल्ल्याने मी खुर्ची दादांच्या मागे, भिंतीला लावली. तिसरीत मी अर्ध्यातून उठून गेले. पण खरी अडचण दुसरीच होती. त्याला आपली हकिगत पाचव्यांदा सांगायची नव्हती. "फाइलमध्ये आहे ना सगळं," तो म्हणाला. फाइलमध्ये होतं, आणि मुलाला वाचायला न देता एका कार्यकर्त्याने दुसऱ्याला फाइल देणं ही बऱ्याच ठिकाणची रीत आहे. बालहक्क कराराचं बारावं कलम सांगतं की स्वतःचं मत बनवू शकणाऱ्या मुलाला, त्याच्याशी संबंधित सर्व बाबींत ते मत मांडता आलं पाहिजे आणि त्याला योग्य वजन मिळालं पाहिजे. आपल्याबद्दल काय लिहिलं जातं याहून जास्त संबंधित बाब कोणती? म्हणून हस्तांतराची टिपण आम्ही दोघांनी मिळून लिहिली, दीड पान. मी एक एक वाक्य वाचायचे आणि तो ठेवा किंवा काढा म्हणायचा. दोन ओळी त्याने काढायला लावल्या. संरक्षणाच्या नोंदीत जे असणं बंधनकारक होतं ते तसंच राहील, हे मी त्याला आधी सांगितलं होतं. काढलेल्या ओळींपैकी एक होती, "आत्मविश्वास कमी आहे." ती मीच दुसऱ्या आठवड्यात लिहिली होती. त्याजागी त्याने सांगितलेलं वाक्य गेलं: "फोनवर बोलायला वेळ लागतो, घाई करू नये."

शेवटची चौकट आणि त्यानंतर

शेवटच्या दिवशी तो वीस मिनिटं उशिरा आला. जन्मदाखला अजून यायचा होता. केंद्राच्या पुढच्या तुकडीची तारीख त्याने विचारून ठेवली होती. दादांना भेटायचा वार त्याला माहीत होता. फोन काढून त्याने दाखवलं की संस्थेचा रात्रीचा नंबर त्याने आता साठवून ठेवला आहे. मग विचारलं, "तुमचा ठेवू का?"

मी म्हणाले, "ठेवलास तरी मी उचलणार नाही. पण तुझ्यावर राग आहे म्हणून नाही. तुला जे लागेल ते इथून मिळावं म्हणून." हे वाक्य ताईंसोबत बसून मी तयार केलं होतं. ते नियमाने बरोबर आहे. ते उच्चारताना त्याच्या चेहऱ्यावर जे झालं त्याबद्दल मी आजही अस्वस्थ आहे.

तीन आठवड्यांनी, भर दुपारी, त्याचा फोन आला. मी कॉलेजच्या वाचनालयात होते. स्क्रीनवर त्याचं नाव बघत मी बसून राहिले, तो वाजून बंद झाला, आणि मी संस्थेत कळवलं. संध्याकाळी ताईंचा फोन आला. दादांनी त्याच्याशी बोलून घेतलं होतं. काही अडचण नव्हती. दाखला मिळाला होता, तेवढंच सांगायचं होतं त्याला.

मी फोन न उचलणं चूक होतं असं मला वाटत नाही. उचलला असता तर पुढचा रात्रीचा फोनही माझ्याकडेच आला असता. पण शेवट आखताना आम्ही अडचणीचाच विचार केला होता. अडचण आली तर कुणाकडे, रात्री काय, नातेवाईक आला तर काय. चांगली बातमी सांगावीशी वाटली तर त्याने ती कुठे न्यायची, हे कुणालाच सुचलं नव्हतं. ज्याच्या घरी हे सांगायला कुणी नाही, त्याला नेमकं तेच हवं असणार, हे खरं तर पहिल्यांदा सुचायला हवं होतं.

आता माझ्या हाताखाली येणाऱ्या इंटर्नच्या ओळखपत्रावर त्यांची शेवटची तारीख छापलेली असते, आणि पहिल्या भेटीत ती मुलाला दाखवायची असते. रिपोर्टमध्ये प्रत्येक क्रियापदाला कर्ता लागतो. आणि इंटर्नशिप संपल्यावर महिन्याभराने एक ठरलेला फोन असतो, संस्थेच्या फोनवरून, कायमचा कार्यकर्ता शेजारी बसलेला असताना. तो फक्त मुलाने काय केलं ते ऐकण्यासाठी. त्याचा दिवस आणि वेळ शेवटच्या भेटीत मुलाने निवडायची आणि कॅलेंडरवर स्वतःच्या हाताने लिहायची.